नेटचं मशीन वेगळं, कामाचं वेगळं, तरी पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकट परत येतात तेव्हा

लक्षण असं असतं. पेनड्राइव्ह लावला की फोल्डरच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात. चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात बारीक बाण असतो, आकार एक-दोन केबी. डबल क्लिक केलं तर आतलं काम उघडतंही, म्हणून बरेच दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. मग एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन येतो, 'तुमच्याकडून आणलेल्या पेनड्राइव्हमुळे आमचं मशीन बिघडलं.' धावपळ होते, अँटिव्हायरस फिरवला जातो, पेनड्राइव्ह फॉरमॅट होतो. आठ-पंधरा दिवस शांतता. नंतर पुन्हा तेच. आणि दुकानदाराचा प्रश्न ठरलेला: 'अहो, या मशीनला नेटच नाही, मग व्हायरस येतो कुठून?'

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त डीटीपीवाल्यांकडून, म्हणजे छपाईची पानं संगणकावर लावणाऱ्यांकडून, ऐकू येतो, कारण दोन मशीनची व्यवस्था त्यांच्याकडे अजून टिकून आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं अशी वर्षानुवर्षांची मॅटर्स पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पेजमेकर ७ ही त्याची शेवटची आवृत्ती, २००१ सालची. सोबत श्रीलिपी किंवा आयएसएमचे जुने फॉन्ट, त्यांचं हार्डवेअर लॉक (मशीनला लावायची किल्ली, जिच्याशिवाय ते चालत नाहीत), आणि हे सगळं विंडोज ७ वर नीट बसलेलं. त्या विंडोजचे अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. तेव्हा ते मशीन नेटपासून तोडायचं आणि मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, गुगल ड्राइव्ह यांच्यासाठी दुसऱ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकायचं, हा निर्णय शहाणपणाचाच आहे. 'जुनं फेकून नवीन घ्या' असा सल्ला देणाऱ्याला त्या जुन्या मॅटरची किंमत माहीत नसते.

अडचण पेनड्राइव्हची आहे. दोन मशीनमध्ये केबल नसली तरी दिवसातून अनेक वेळा पेनड्राइव्ह इकडून तिकडे जातो. म्हणजे जोडणी आहेच, फक्त ती माणसाच्या हातून होते. ही गोष्ट मान्य केली की पुढचा शोध सोपा होतो.

आधी कोण आजारी आहे ते ओळखा

बहुतेक ठिकाणी साफसफाई अंदाजाने होते, आणि म्हणूनच दुखणं परत येतं. पेनड्राइव्ह साफ केला पण मशीन तसंच राहिलं, किंवा मशीन साफ केलं आणि ड्रॉवरमधला दुसरा पेनड्राइव्ह विसरला. म्हणून काहीही पुसण्याआधी एक चाचणी करा.

एक पेनड्राइव्ह लिनक्सच्या मशीनवर फॉरमॅट करा. मिंटमध्ये त्यासाठी 'यूएसबी स्टिक फॉरमॅटर' आहे, उबुंटूत 'डिस्क्स'. त्यावर दोन-तीन फोल्डर बनवा आणि प्रत्येकात एखादी बिनमहत्त्वाची फाइल ठेवा. आता तो ऑफलाइन मशीनला लावा. काही उघडू नका, क्लिक करू नका, पाचेक मिनिटं तसाच राहू द्या. मग 'सेफली रिमूव्ह' करून काढा आणि परत लिनक्सवर पाहा.

तुम्ही न ठेवलेली एकही फाइल तिथे सापडली, म्हणजे डॉट एलएनके, डॉट व्हीबीएस, डॉट जेएस अशा शेपटीची किंवा विचित्र नावाची, तर ऑफलाइन मशीनच आजारी आहे. त्याच्या मेमरीत एखादी स्क्रिप्ट (मशीनने पाळायच्या सूचनांची छोटी फाइल) चालू असते आणि नवीन ड्राइव्ह दिसला की ती कामाला लागते. मशीन रीस्टार्ट करून हीच चाचणी पुन्हा एकदा घ्या. काही स्क्रिप्ट सुरुवातीलाच जाग्या होतात, काही ठरलेल्या वेळी.

दोन्ही वेळा पेनड्राइव्ह जसाच्या तसा परत आला, तर मशीन बहुधा ठीक आहे आणि घाण बाहेरून येते आहे. मग 'कुणाकुणाचा पेनड्राइव्ह या मशीनला थेट लागतो' याची यादी करा. गिऱ्हाइकांचा तर असतोच. हिशेब लिहिणारे येतात त्यांचा. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेला तुमचा स्वतःचा. महिन्यातून एकदा बॅकअपला लागणारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क, जी कुणी कधीच तपासलेली नसते. दुखणं महिन्याच्या हिशेबाने परत येत असेल तर आधी तिच्याकडे बघा. आणि एक नाव लोक यादीत घालायला संकोचतात: दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचा पेनड्राइव्ह. प्रिंटरचे ड्रायव्हर भरलेला तो एकच पेनड्राइव्ह अख्ख्या बाजारपेठेत फिरत असतो. मी आमच्याच धंद्याबद्दल बोलतोय, पण खरं आहे ते खरं आहे.

एवढं विचारून घ्यायला हरकत नाही: 'हा आधी लिनक्सवर लावून बघू का?' चांगला कारागीर रागावत नाही.

लिनक्सला काही होत नाही, पण तो पोचवतो

इथे एक गैरसमज पक्का बसलेला असतो. लिनक्सवर हा व्हायरस चालत नाही, ही गोष्ट बरोबर आहे. शॉर्टकटच्या आत लिहिलेलं असतं ते विंडोजच्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला उद्देशून; लिनक्सच्या दृष्टीने ती निरुपयोगी फाइल. पण म्हणूनच तो तिला अडवतही नाही. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरून तुम्ही अख्खं फोल्डर उचललंत आणि आपल्या पेनड्राइव्हवर टाकलंत, की आतली स्क्रिप्टही इमानाने सोबत येते. विंडोजवर पोचल्यावर कुणीतरी सवयीने डबल क्लिक करतं आणि चक्र पुन्हा सुरू.

म्हणून लिनक्सवर कॉपी करताना फोल्डर उचलायचं नाही, फाइल उचलायच्या. वर्डची फाइल, फोटो, पीडीएफ, कोरलची फाइल. यादीत वर शेपटीनुसार क्रम लावला की नको असलेल्या फाइल एका ठिकाणी गोळा होतात आणि डोळ्यांना दिसतात. लिनक्सचा इथे मोठा फायदा आहे. विंडोजमध्ये 'एक्स्टेन्शन दाखवा' असं सांगितलं तरी शॉर्टकटची डॉट एलएनके ही शेपटी दिसतच नाही. ती लपवण्याची सूचना विंडोजमध्येच लिहिलेली आहे. लिनक्स ती उघड दाखवतो.

गेलेला डेटा कुठे आहे

फॉरमॅट करण्याआधी थांबा. फायली सहसा गेलेल्या नसतात. व्हायरस मूळ फोल्डरला 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारतो, त्यामुळे विंडोज ते दाखवत नाही. लिनक्स पेनड्राइव्हवरच्या या शिक्क्यांकडे लक्षच देत नाही, त्यामुळे तिथे सगळे फोल्डर सरळ दिसतात. ते लिनक्सच्या मशीनवर काढून घ्या, शॉर्टकट आणि स्क्रिप्ट मागे सोडा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि डेटा परत टाका. शिक्केही आपोआप गळून पडतात.

काही प्रकारांत सगळा माल एकाच फोल्डरमध्ये ढकललेला असतो आणि त्या फोल्डरचं नाव असतं एक न दिसणारं अक्षर. यादीत नाव नसलेलं फोल्डर दिसलं तर ते बिघाड समजून पुसू नका, आत जाऊन पाहा. वर्षभराचं काम त्यात असू शकतं.

जवळ लिनक्स नसेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'अ‍ॅट्रिब' ही कमांड आहे. फोनवर सांगतो तसं सांगतो: ए, दोनदा टी, आर, आय, बी, मग जागा सोडून वजा एच, वजा एस, वजा आर, प्रत्येकाच्या मध्ये जागा, मग ड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटी तिरकी रेघ, तारा, शेवटी सरळ तिरकी रेघ एस आणि सरळ तिरकी रेघ डी. ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासून घ्या. सी टाकलंत तर विंडोजच्या स्वतःच्या लपवलेल्या फायलीही उघड्यावर येतील.

ऑफलाइन मशीन साफ करणं

चाचणीत मशीन दोषी ठरलं असेल तर चालू विंडोजमध्ये साफसफाई करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. पळणाऱ्या स्क्रिप्टच्या हातात झाडू देण्यासारखं ते आहे. तुम्ही पुसता, ती पुन्हा लिहिते. त्यापेक्षा मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा) बनवा आणि मशीन त्यावरून सुरू करा. विंडोज झोपलेलं असतं, त्याची डिस्क मात्र उघडता येते. पहिलं काम: मॅटर, फॉन्ट, बिलांचा डेटा एका नवीन डिस्कवर काढून घ्या. मग वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये 'अ‍ॅपडेटा', त्यात 'रोमिंग' आणि 'लोकल'मधलं 'टेम्प' इथे व्हीबीएस, जेएस आणि अनोळखी ईएक्सई फाइल शोधा. स्टार्ट मेन्यूचं 'स्टार्टअप' फोल्डरही बघा. शक्य असेल तर क्लॅमएव्ही या लिनक्सवरच्या अँटिव्हायरसने एकदा डिस्क तपासून घ्या. विंडोज बंद असताना लिनक्सला नेट जोडून क्लॅमएव्हीच्या व्हायरस ओळखायच्या याद्या उतरवल्या तरी बिघडत नाही.

नंतर विंडोज चालू करून 'एमएसकॉन्फिग'च्या स्टार्टअप यादीत आणि 'टास्क शेड्युलर'मध्ये उरलेल्या नोंदी काढा. फाइल नसली तरी नोंद राहते आणि रोज सकाळी 'स्क्रिप्ट सापडली नाही' अशी चौकट येते. ती चौकट दिसली म्हणजे व्हायरस परत आला असं नाही. उलट तो गेल्याचीच खूण आहे, नोंद तेवढी राहिली.

विंडोज स्क्रिप्ट होस्ट, म्हणजे विंडोजमध्ये स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, बंद करून टाका. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज असं आत जायचं, 'एनेबल्ड' नावाची डी-वर्ड नोंद करायची आणि किंमत शून्य ठेवायची. डीटीपीच्या कामाला सहसा याची गरज लागत नाही. एखादं बिलिंगचं किंवा प्रिंटरचं सॉफ्टवेअर अडलं तर किंमत परत एक करा. यामुळे सगळे प्रकार थांबत नाहीत. काही 'रन-डीएलएल-३२' या विंडोजच्याच दुसऱ्या प्रोग्रामचा आधार घेतात, आणि त्यांना या दाराची गरजच नसते. पण आपल्याकडे फिरणारे बरेचसे शॉर्टकट व्हायरस व्हीबी स्क्रिप्टवरच चालतात.

सर्व्हिस पॅकही (विंडोजच्या अपडेटचा मोठा गठ्ठा) पाहून घ्या. 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथे 'सर्व्हिस पॅक १' लिहिलेलं नसेल तर ते मशीन फार उघडं आहे. २०१० साली स्टक्सनेट हा व्हायरस सापडला तेव्हा शॉर्टकटमधली एक खोच समोर आली: नुसतं चिन्ह दिसलं तरी आतला कोड चालायचा, क्लिकचीही गरज नव्हती. इराणच्या नतांझ अणुकेंद्रातल्या नेट नसलेल्या मशीनपर्यंत तो पोचला, त्यात या खोचेचा आणि यूएसबी ड्राइव्हचा हात होता. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली, ती अपुरी ठरली आणि मार्च २०१५ मध्ये नवीन द्यावी लागली. २००९-१० च्या डीव्हीडीवरून विंडोज टाकून मशीन कायमचं ऑफलाइन ठेवलं असेल तर ही दोन्ही दारं आजही उघडी आहेत.

त्यासाठी मशीन नेटला जोडायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून फायली लिनक्सवर उतरवून आणता येतात. आधी सर्व्हिस पॅक १, मग केबी ३०२०३६९, मग केबी ३१२५५७४ (इथे 'केबी' म्हणजे अपडेटचा क्रमांक). या शेवटच्या गठ्ठ्यात सर्व्हिस पॅकनंतरचे, एप्रिल २०१६ पर्यंतचे बहुतेक अपडेट एकत्र आहेत. ३२ बिट की ६४ बिट ते आधी बघून घ्या, नाहीतर चुकीची फाइल तासभर उतरवून हात चोळत बसाल.

सगळं स्वच्छ झालं, पेजमेकर चालतोय, लॉक ओळखलं जातंय, फॉन्ट बरोबर उमटतायत, अशा अवस्थेत क्लोनझिला या सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवा. पुढच्या वेळी काही झालं तर दुपारच्या जेवणाच्या वेळेत मशीन जसंच्या तसं परत उभं राहील. जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी बहुतेक दुकानांत सापडत नाही. ही प्रतिमा हाच तुमचा विमा.

मग रोजचं काम कसं चालवायचं

दोन पेनड्राइव्ह, दोन रंगांचे. एक आत नेणारा, एक बाहेर आणणारा. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह फक्त लिनक्सला लागेल, कितीही घाई असली तरी. तिथून हव्या त्या फाइल आत नेणाऱ्यावर. तो ऑफलाइन मशीनला लागून आला की पुढच्या कामाआधी लिनक्सवर फॉरमॅट. बाहेर आणणाऱ्यावर फक्त पीडीएफ किंवा प्रूफची जेपीजी येते, आणि तोही लिनक्सवर रिकामा होऊन फॉरमॅट होतो. पंधरा-वीस सेकंदांचं काम आहे, पण चार पोरं असलेल्या दुकानात ते दोन दिवसांत सुटतं. म्हणून ऑफलाइन मशीनचे पुढचे यूएसबी पोर्ट बंद करून मागचा एकच ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. मागे वाकावं लागलं की माणूस विचार करतो.

एकदाच आत जायचा मोठा माल असेल, समजा फॉन्टचा किंवा चित्रांचा संच, तर डीव्हीडी लिहा. जुन्या मशीनमध्ये ड्राइव्ह असतोच. लिहून बंद केलेल्या डीव्हीडी-आरवर आजारी मशीन काहीही परत लिहू शकत नाही, हा गुण पेनड्राइव्हमध्ये नाही. मेमरी कार्डाच्या कडेला असलेल्या लॉकच्या पट्टीवर विसंबू नका; ती पाळायची की नाही हे कार्ड रीडर ठरवतो.

मोबाइल ऑफलाइन मशीनवर चार्ज करायचा नाही. यूएसबी टेदरिंग (केबलमधून मोबाइलचं नेट मशीनला देणं) चालू असेल तर ते मशीन त्या क्षणी नेटवर असतं आणि कुणाला पत्ताही नसतो.

दुसरी पळवाट लॅनची. प्रिंटर शेअर करायला दोन मशीनमध्ये केबल टाकली की 'ऑफलाइन' हा शब्द नावापुरता उरतो. मे २०१७ च्या वॉनाक्राय व्हायरसला क्लिकही लागत नव्हतं, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर जात होता, आणि बळी पडलेल्यांत विंडोज ७ चीच गर्दी होती. पुढच्याच महिन्यात नोटपेट्या या व्हायरसने न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं, तेही ते टर्मिनल चालवणाऱ्या कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमधून. केबल ठेवायचीच असेल तर निदान केबी ४०१२२१२ टाका. वर सांगितलेल्या गठ्ठ्यात ते नाही, ते मार्च २०१७ चं आहे. माझं मत विचाराल तर प्रिंटर ऑफलाइन मशीनलाच जोडा आणि विषय संपवा.

या व्यवस्थेतून निघणाऱ्या बारीक कटकटी

लिनक्सवर मॅटर उघडलं की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नाही. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवतात, आणि तो फॉन्ट लिनक्सवर नाही. गिऱ्हाइकाला पाठवायचं ते ऑफलाइन मशीनवरच पीडीएफ करून, फॉन्ट आत बसवून आणा. उलट दिशेने व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं युनिकोड (मोबाइलवर वापरतात त्या मराठीतलं) मॅटर पेजमेकरमध्ये सरळ चिकटत नाही, तिथे कन्व्हर्टर लागतोच.

मराठी नावांच्या फायली विंडोज ७ च्या स्वतःच्या झिपमध्ये बसत नाहीत, किंवा दुसरीकडे प्रश्नचिन्हं होऊन निघतात. दोन्हीकडे सेव्हन-झिप वापरा, नाहीतर फायलींना रोमन नावं द्या.

मोठी फाइल अर्ध्यावर अडली तर पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात चार जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. विंडोज ७ ते वाचतं, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २०२० पासून त्याचा चांगला आधार आहे.

पेनड्राइव्ह लिनक्सवर 'फक्त वाचता येतो' असं म्हणत असेल तर बहुधा कुणीतरी तो विंडोजमधून ओढून काढलाय. विंडोजवर 'एरर चेकिंग' करून घ्या.

ज्यांच्याकडे मशीन एकच आहे आणि त्यावर विंडोज व लिनक्स दोन्ही टाकून काम चालतं, त्यांना घड्याळाचा घोळ छळतो. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितो, विंडोज तीच भारतातली समजतं, त्यामुळे सकाळी अकराला विंडोजमध्ये साडेपाच वाजलेले असतात. नेट नसल्यामुळे ते स्वतः दुरुस्तही होत नाही. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' या कमांडला 'सेट-लोकल-आरटीसी' आणि पुढे १ दिलं की दोघांचं एकमत होतं. अशा मशीनवर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय आणि लॅन कार्ड दोन्ही बंद करून ठेवा. ही अर्धीच विभागणी आहे, कारण लिनक्सला विंडोजची डिस्क उघडता येते. पण नसल्यापेक्षा बरी. आणि रोज सकाळी तारीख बऱ्याच वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीवर जात असेल तर दोष कुठल्याच सिस्टिमचा नाही: मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला.